एर्सिलियाबाईंची किल्ली

एर्सिलियाबाईंनी पहिला घास तोंडात घातला, सहज खिडकीबाहेर पाहिलं आणि हातातला काटा खाली ठेवला. समोरच्या चॅपलच्या भिंतीला हिरवी सायकल टेकलेली होती. सकाळी आलेल्या म्हाताऱ्याची! सायकल बाहेर, म्हणजे म्हातारा आत. आणि चॅपलला कुलूप घालून किल्ली त्यांच्या खिशात.

"अगं आई गं!" म्हणत त्या उठल्या.

इटलीतल्या या फेरारा गावात अशी छोटी, कुणाला फारशी ठाऊक नसलेली चॅपलं, म्हणजे प्रार्थनाघरं, गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची किल्ली शेजारच्या एखाद्या घरी असते. पाहुण्याने घंटा वाजवायची, शेजारणीने उघडून द्यायचं. नवरा ओतेल्लो गेल्यापासून एर्सिलियाबाईंच्या दारची घंटा वाजायची ती या किल्लीसाठीच. म्हणून तर त्यांचा तिच्यात जीव. मात्र जेवणाची वेळ म्हणजे जेवणाची वेळ! "बंद करतेय हो!" अशी दारातून आरोळी ठोकायची की लगेच कुलूप. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून आत डोकावणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात दोन फ्रेंच मुली अशाच कोंडल्या गेल्या आणि पोलीस आले, तेव्हा फादर साविनोंनी बजावलं होतं, "पुन्हा असं झालं, तर किल्ली माझ्याकडे."

बाई गल्ली ओलांडतात तोच कोपऱ्यावरून सायकल मारत फादरच आले. वैऱ्यावरही येऊ नये अशी वेळ.

"जेवण टाकून कुठे, बाई?"

"पाय मोकळे करायला."

"एवढ्या उन्हात? आणि ही सायकल कुणाची?"

"असेल कुणाची तरी. या गावात सायकलींचा दुष्काळ आहे का?"

"आणि हातात किल्ली कशाला?"

बाई चॅपलच्या दाराकडे वळल्या. किल्ली गेली तर जाऊ दे, पण माणूस धड असू दे, असं मनाशी म्हणत त्यांनी कुलूप काढलं.

म्हातारा बूट काढून, पाय पसरून बाकावर बसला होता. चांगला ठणठणीत. बाईंच्या जिवात जीव आला. इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

"तुम्हाला कोंडून घातलं की काय?" फादरनी विचारलं.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने!"

फादरनी तेच ओरडून विचारलं. म्हाताऱ्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"छे हो! मीच म्हटलं, तुम्ही खुशाल जेवून या, मी बसतो."

धडधडीत खोटं, आणि तेही देवाच्या घरात. बाईंना त्याची पापीच घ्यावीशी वाटली.

"ते राहू द्या," म्हातारा म्हणाला. "आधी इकडे बघा."

गोल खिडकीतून आलेलं तिरपं ऊन डावीकडच्या भिंतीवर पडलं होतं. तिथे नुसती ओल आहे, असं बाई आजवर पाहुण्यांना सांगत आल्या होत्या. आता त्या ओलीत पुसट रंगांनी रंगवलेली एक बाई उभी होती. कमरेवर घागर, बाह्या वर सारलेल्या, कुणीतरी हाक मारावी तसा किंचित वळलेला हसरा चेहरा.

"ही कुठून आली?"

"असेल पहिल्यापासून इथेच," म्हातारा म्हणाला. "दुपारचीच दिसते वाटतं."

दुपारी तर सगळं गाव जेवायला बसतं. बाईंनी जन्मभर ओतेल्लोला याच वेळी गरम वाढलं होतं, आणि तो गेल्यावरही त्याच वेळी एकटीने जेवत आल्या होत्या. एवढी वर्षं ही इथे उभी होती, आणि आपण गल्लीपलीकडे.

किल्लीचा विषय फादरनी काढलाच नाही. ते भिंतीकडे टक लावून उभे होते.

"बसा की, फादर," एर्सिलियाबाई बाकावर बसून जागा करत म्हणाल्या. "ऊन भिंतीवरून उतरायला लागलंय."