रस्त्यापलीकडं ऐकू येईल असा टॅब

अंबडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हर्रास म्हणजे लिलाव सुरू झाला की राधाकिसनचा आवाज पार गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. ढीग तुरीचा असो की सोयाबीनचा, त्याच्या कडेला पाय रोवून तो व्यापाऱ्यांच्या बोल्या पुकारायचा आणि मागच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाला काय भाव चालला आहे ते कळायचं. अठ्ठावीस वर्षं त्यानं हेच केलं. घरीसुद्धा त्याला हळू बोलणं जमत नसे. त्याची बायको सुगंधाबाई म्हणायची, आपल्याकडं आज भाजी कशाची हाय ते गल्लीला आपल्या आधी कळतं.

गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. गळ्याच्या खाली एक भोक राहिलं. श्वास तिथून चालायचा आणि त्यावर राधाकिसन पातळ पांढरा रुमाल बांधायचा.

लिहिता त्याला येत होतं. सातवी शिकलेला माणूस, अक्षरही वळणदार. पण सुगंधाबाईला वाचता येत नव्हतं. तिचं लहानपण वाटूरच्या शिवारात मेंढरांमागं गेलं होतं, शाळेची पायरी ती कधी चढलीच नाही. पाणी, चहा, गोळी एवढं ती त्याच्या ओठांवरून ओळखायची. त्यापुढचं काही सांगायचं असलं की राधाकिसन पाटीवर लिहायचा आणि सुगंधाबाई ती पाटी घेऊन शेजारच्या पायलकडं जायची. पायल शेजारची सून, बारावी झालेली, स्वभावानं चांगली. ती वाचून दाखवायची, सुगंधाबाई घरी येऊन उत्तर द्यायची, आणि तोवर राधाकिसनला पुढचं काहीतरी आठवलेलं असायचं.

एकदा दुपारी त्यानं पाटीवर दोन ओळी लिहिल्या. पायलनं पहिली वाचली आणि दुसरी अगदी हळू आवाजात. लिहिलं होतं, 'मला भीती वाटते. डॉक्टर सगळं खरं सांगत नाहीत.' पायलनं हे कुणाला मुद्दाम सांगितलं नसेल. पण दिवस मावळायच्या आत गल्लीतली पाच-सहा माणसं ओसरीवर येऊन बसली, राधाकिसनला धीर देऊ लागली. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी पाटी फडताळाच्या वरच्या खणात गेली. त्यानंतर तीन आठवडे त्यानं एक अक्षर लिहिलं नाही.

त्या तीन आठवड्यांत सुगंधाबाईला घर खायला उठलं. आवाज गेला तेव्हा ती इतकी घाबरली नव्हती. तेव्हा माणूस बोलू पाहत होता. आता तो बोलायचंच टाकून बसला होता.

तिनं लेकीला फोन लावला. सत्यशीला जालन्यात एका दवाखान्यात नर्स होती. आईचं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, मोबाईलवर बोटानं लिहिलं तर तो ते वाचून दाखवतो, मराठीतसुद्धा. मी रविवारी येते.

रविवारी ती आली आणि तिनं आपला मोबाईल बापापुढं धरला. राधाकिसनच्या एका बोटानंच निम्मा पडदा झाकला गेला. 'म' काढावा तर 'भ' व्हायचा, तिसरं अक्षर लिहायला जागा उरायची नाही. बऱ्याच खटपटीनंतर 'चहा ठेव' एवढं जमलं आणि मोबाईलमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, चहा ठेव. सुगंधाबाईला हसू आवरेना. राधाकिसननं मोबाईल बाजूला सारला. पण सत्यशीलानं पाहिलं, ती आत गेल्यावर त्यानं तो परत ओढला आणि पुन्हा काहीतरी गिरवू लागला.

"आई, याला मोठा पडदा पायजे," ती म्हणाली. "आपण टॅब घेऊ. आणि आवाज पुरुषाचाही लावता येतो, ते मी बघते."

पुढचे पंधरा दिवस सत्यशीला ड्यूटीवरून आली की टॅबचे व्हिडिओ बघायची. एकाची बॅटरी चांगली तर त्याचा पडदा फिका, दुसऱ्याचा पडदा चांगला तर तो भारी नाजूक. असं करता करता शेवटी दोन उरले. दोन्ही मोठे, जवळपास जेवणाच्या ताटाएवढे. तिनं आईबापाला जालन्याला बोलावून घेतलं. सकाळच्या एस.टी.नं दोघं आली आणि तिघं मिळून बाजारातल्या एका दुकानात गेली.

दुकानदाराचं नाव वसंता. त्यानं दोन्ही टॅब काचेवर शेजारी शेजारी मांडले आणि बोलायला सुरुवात केली. पहिला तेरा इंची, पापडासारखा पातळ, कडा चकाकत्या, पेन डब्यातच येतं. दुसरा बोटभर लहान, जाड, हाताला जड, पेन नाही, पण सिमकार्ड बसतं आणि चार स्पीकर आहेत. मग त्यानं मेमरी सांगितली, कॅमेरा सांगितला, पडदा किती सरसर सरकतो ते बोटानं करून दाखवलं. सत्यशीला आपल्या कागदावरच्या नोंदींशी ते ताडून बघत होती. तिचं मन पहिल्यावर बसलं होतं. पडदा मोठा, पेन फुकट, मंग आणखी काय पाहिजे, असं ती म्हणाली.

सुगंधाबाईनं एवढा वेळ तोंड उघडलं नव्हतं. आकड्यांतलं तिला काही कळत नव्हतं आणि कळत नसल्याची लाजही वाटत नव्हती. तिनं वसंताला एकच विचारलं, "आमच्या शेतात रेंज न्हाई. तिथं गेल्यावर ह्यो मुका होईन का?"

हा प्रश्न वसंताला आजवर कुणी केला नव्हता. त्यानं दोन्ही टॅबमध्ये मराठी भाषा उतरवून घेतली, मग इंटरनेट पूर्ण बंद केलं आणि दोन्हींवर 'नमस्कार' लिहून पाहिलं. दोन्ही बोलले. पुरुषाचा आवाजही त्याला सापडला. राधाकिसनच्या आवाजापुढं तो कोवळाच होता, एखाद्या बँकेतल्या साहेबासारखा, पण पुरुषाचा होता.

मग राधाकिसन पुढं सरकला. पहिल्या टॅबचं पेन त्यानं हातात घेतलं, चष्मा नीट केला आणि लिहू लागला. पेन काचेवरून लोण्यावरून फिरावं तसं फिरत होतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथं. 'माझे नाव राधाकिसन. मी मोंढ्यात बोली पुकारत होतो.' टॅबनं ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. राधाकिसनच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी उजेड आला. त्यानं पेन खाली ठेवलंच नाही. दुसऱ्या टॅबवर त्याला बोटानं लिहावं लागलं, अक्षरं फताडी आली आणि एक शब्द दोनदा खोडावा लागला. तो पहिल्याकडं परत वळला आणि त्यावर लिहिलं, 'लिहायला हाच चांगला.'

सत्यशीलानं पिशवीतून पाकीट काढलंही होतं. तेवढ्यात सुगंधाबाई म्हणाली, "थांब. बाहीर नेऊन बघू."

वसंता कुरकुरला. दुकानातला नमुन्याचा माल बाहेर न्यायची पद्धत नाही, असं तो म्हणाला. सुगंधाबाईनं त्याला शांतपणे समजावलं, की हे आमचे मालक काही गाणी ऐकायला टॅब घेऊन राह्यले न्हाईत. मालक गोठ्यात असतील, मी विहिरीवर असंन, तिथून मला ऐकू आलं पायजे. तुम्ही बी चला संगं. वसंतानं गल्ल्यावर दुसऱ्याला बसवलं आणि दोन्ही टॅब घेऊन तो खरंच बाहेर आला.

बाहेर अकराचं ऊन होतं. रस्त्यावरून रिक्षा, ट्रॅक्टर, मोटारसायकली अखंड चालल्या होत्या आणि बाजूच्या रसवंतीवर चरकाची घुंगरं वाजत होती. सुगंधाबाईनं पदर कमरेला खोचला, दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या भांड्यांच्या दुकानापुढं जाऊन पाठ करून उभी राहिली. पाठ अशासाठी, की ओठ दिसले तर ती ओळखणार. तिला फक्त कानानं ऐकायचं होतं. लहानपणी माळावर धुक्यात मेंढरू हरवलं, तर घंटीवरून कुठलं ते ती सांगायची. आपल्या कानावर तिचा भरवसा होता.

इकडं राधाकिसन पहिल्या टॅबवर लिहायला गेला आणि अडखळला. उन्हात पडद्याचा आरसा झाला होता. त्याला स्वतःचा रुमाल बांधलेला गळा आणि मागचं आभाळ दिसत होतं, अक्षर दिसत नव्हतं. सत्यशीलानं ओढणीची सावली धरली, तेव्हा कसंतरी लिहून झालं. टॅब बोलला. शेजारी उभ्या असलेल्या वसंताला ते ऐकू आलं. सुगंधाबाई तशीच उभी. वसंतानं आवाज पूर्ण वाढवला आणि पुन्हा बोलायला लावलं. एक ट्रॅक्टर गेला, त्यात ते विरून गेलं.

मग दुसरा. त्याचाही पडदा उन्हात चमकला, पण अक्षर कळत होतं. राधाकिसननं अंगठ्यानं घाम पुसला आणि बोटानं सावकाश लिहू लागला. या वेळी तो बराच वेळ लिहीत होता.

सुगंधाबाई भांड्यांच्या दुकानातल्या पितळी घागरी बघत उभी होती. पाठीमागच्या गोंगाटातून शब्द आले. कोवळे, सपाट, पण स्पष्ट.

"सत्याच्या माय, उन्हात उभी राहू नको. तुला चक्कर येते. इकडं ये, आणि रस्ता बघून ओलांड."

ती वळली नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. सत्यशीला झाल्यापासून ती त्याची 'सत्याच्या माय' होती. मोंढ्यातून परत येताना तो गल्लीच्या तोंडाशीच ही हाक द्यायचा आणि ती चुलीवर चहाचं पातेलं ठेवायची. अकरा महिन्यांत ही हाक तिनं ऐकली नव्हती. पायलच्या तोंडून ती कशी येणार? आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. पण उन्हात उभं राहिलं की तिला चक्कर येते हे माहीत असलेला माणूस एकच होता.

भांडीवाला विचारू लागला, मावशी, घागर दाखवू का? तिनं मान हलवली, पदरानं डोळे टिपले आणि दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला.

"ह्यो ऐकू आला," ती म्हणाली.

सत्यशीला म्हणाली, पण लिहायला तो पहिला चांगला आहे, दादांना तोच आवडलाय. ते खरंही होतं. राधाकिसनच्या बगलेत पहिल्याच टॅबचं पेन होतं. सुगंधाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"लिव्हायचं तुमाला हाय, ते बराबर हाय," ती म्हणाली. "पर तुमी लिव्हणार कुणासाठी?"

राधाकिसननं दोन्ही टॅबकडं आळीपाळीनं पाहिलं. मग त्यानं बगलेतलं पेन काढून वसंताच्या हातात दिलं, दुसरा टॅब जवळ ओढला आणि बोटानं फताडी अक्षरं काढली. टॅब म्हणाला, "ऐकणारीनं निवडावं."

वसंता हसला. आत गेल्यावर त्यानं एक साधं रबरी टोकाचं पेन शोधून काढलं, ते कुठल्याही पडद्यावर चालायचं. पहिल्याच्या पेनाची सर त्याला नव्हती, पण बोटापेक्षा बरं होतं. टॅबला जाड कव्हर घातलं. एस.टी.त बसल्यावर राधाकिसननं खिडकीबाहेर दिसेल ते लिहायला घेतलं. मोसंबीच्या बागा, पाट्या, कुणाचं तरी नवं घर. शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले तेव्हा सुगंधाबाईनं त्यांना सांगितलं, आमचे मालक बोलून राह्यले.

घरी आल्यावर गल्ली जमली. पायलही आली, जरा अवघडून दाराशी उभी राहिली. राधाकिसननं लिहिलं, 'पायल, बस. एवढे महिने वाचलंस, उपकार झाले.' पायल डोळे पुसत बसली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. राधाकिसनला एक वाक्य लिहायला वेळ लागायचा आणि तोवर सुगंधाबाईची चार बोलून व्हायची. पूर्वी त्याच्या दणक्यापुढं तिला बोलायला फट सापडत नसे, आता तिला थांबायला शिकावं लागलं. ती शिकली. तो लिहीत असला की ती हातातलं काम थांबवून वाट बघायची. डॉक्टरची भीतीही एका सकाळी त्यानं तिला सांगितली, तिला एकटीला, दार लोटून. तिनं उत्तर दिलं ते बाहेर कुणाला कळलं नाही.

आणि आठवड्याभरानं दोघांचं टॅब आल्यानंतरचं पहिलं भांडण झालं. सुगंधाबाईला तांबडी शेळी विकायची होती. दूध आटलं आहे, चारा खाऊन नुसती ओरडते, असं तिचं म्हणणं. राधाकिसनला ते मान्य नव्हतं. तो ओसरीवर बसून रागारागानं लिहू लागला. रबरी पेन काचेवर टकटक वाजत होतं. सुगंधाबाई परातीत पीठ मळता मळता थांबली होती. लिहून झालं आणि टॅब साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शाळा विकायची नाही. मी सांगतो. शाळा माझ्या आईनं दिलेली आहे. परत शाळेचं नाव काढू नको."

मग सुगंधाबाईनं पिठाचा हात कपाळाला लावला आणि ती हसत सुटली. राधाकिसननं पडद्यावर काय उमटलंय ते चष्म्यातून पाहिलं. त्याचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता, गळ्यावरचा पांढरा रुमाल तेवढा भसाभस उडत होता, पण तो हसत होता.

"बरं," सुगंधाबाई म्हणाली, "न्हाई इकत तुमची शाळा." आणि ती पुन्हा पीठ मळू लागली. बाहेर तांबडी शेळी चाऱ्यासाठी ओरडत होती, आणि राधाकिसन पुढचं वाक्य लिहायला वाकला होता.