पुरे म्हणायचा मान

माम्बेतालीनं मेंढा गाड्यांच्या पहिल्याच रांगेपाशी बांधला होता, आत येणाऱ्याच्या नजरेस पडेल असा. मेंढा समेट झाल्यावर कापतात. तो पाहिला आणि जानिलला कळलं, समेट झालाच असं हे लोक धरून बसलेत.

"ये पोरी, ये," माम्बेताली छातीवर हात ठेवत म्हणाला. "सोवेतबेक, आधी तुम्ही घास घ्या. चहा निवतोय."

सोवेतबेक अबा, तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, पुढे झाले आणि रोटीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. वैऱ्याच्या घरची रोटी मोडली की अर्धं वैर संपतं. जानिल हात मागे बांधून उभी राहिली.

"अगं, रोटीला नाही म्हणू नये," अबा पुटपुटले.

"भूक नाही, अबा."

दीड महिन्यापूर्वी माम्बेतालीच्या मुलानं, कुबाननं, तिच्या वडिलांना गाडीखाली घेतलं होतं. वडील, असानाली, बालिक्ची शहरात मुलांना सायकलच्या शर्यतींसाठी तयार करायचे. त्यांची व्हॅन जपानी, उजव्या स्टिअरिंगची. तिचं सरकतं दार डावीकडे, आणि इकडे गाड्या उजव्या कडेनं चालतात, म्हणजे डावीकडे वाहता रस्ता. तळ्याकाठी गाडी थांबवून ते त्या दारातून शेवटची सायकल काढत होते, तेव्हा कुबान भरधाव आला. दार, सायकल आणि म्हातारा, तिन्ही त्यानं एका दणक्यात उडवली. मुलं कडेला उभी राहून किंचाळत होती. कुबान थांबला नाही.

रीत जुनी आहे. मारणाऱ्याच्या घरानं मेलेल्याच्या दारात घोडा नेऊन बांधायचा. माम्बेतालीकडे घोडे नव्हते, विकायला ठेवलेल्या गाड्या होत्या. त्यातली एक जानिलनं निवडायची आणि आमची तक्रार नाही असं तपास अधिकाऱ्याला सांगायचं, की कुबान मोकळा. वडिलांची व्हॅन त्या धडकेत निकामी झाली होती, आणि दुसरी तिला हवीच होती. मुलांच्या सायकली अंगणात पडून होत्या, खिंडीतल्या शर्यती तोंडावर आल्या होत्या, आणि आईचे बटाटे बाजारात पोचवायला शेजाऱ्यांच्या विनवण्या कराव्या लागत होत्या.

"ही बघ," माम्बेतालीनं एका उंच छताच्या व्हॅनवर थाप मारली. "आत उभं राहून कपडे बदलता येतात. मागे गादी टाक, डोंगरात खुशाल रात्र काढ. सायकली, बटाटे, सासर, माहेर, सगळं हिच्यातूनच."

"सासर नाही मला."

"ही घेतलीस तर तेही चालत येईल दारात."

अबा हसले. माम्बेतालीही हसला. मग आपण कशासाठी जमलोय ते दोघांनाही आठवलं आणि हसू तोंडावरच सुकलं.

जानिलनं मोजायची टेप काढली. पुढचं चाक न काढता सायकल आत उभी राहिली पाहिजे, असं वडील म्हणायचे. चाक काढलं की ते पुन्हा बसवायला मूल रस्त्यातच फतकल मारतं. उंच छताची व्हॅन बाजाराच्या कमानीखालून गेली नसती. दुसरीत सायकली मावत होत्या, पण शेजारी माणूस आडवा होत नव्हता. तिसरी जर्मन होती, डाव्या स्टिअरिंगची. सायकली मावत होत्या, गादी मावत होती, उंची बेताची होती, आणि दार उजवीकडे होतं, गवताच्या बाजूला. जानिलनं ते सरकवून पाहिलं. हलक्या हातानं सरकत होतं. ही व्हॅन आपल्याला हवीये, हे लक्षात आलं आणि ती गुडघ्यांवर आत शिरून तेच माप पुन्हा घेऊ लागली.

माम्बेतालीच्या नजरेतून ते सुटलं नाही. "कुबान!" त्यानं हाक मारली.

कुबान छपरीतून उघड्या अंगानं बाहेर आला आणि मान खाली घालून उभा राहिला. बापानं खिळ्यावरचा चाबूक काढला. हीही रीतच होती. बापानं मुलाला मारायचं, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांनी पहिल्या फटक्यांतच 'पुरे' म्हणून त्याचा हात धरायचा. मारणाऱ्याला ते ठाऊक असतं, मार खाणाऱ्यालाही. चाबूक हवेत मोठ्यानं वाजतो, पाठीवर हलका येतो.

"पुरे, पुरे!" अबा लगेच म्हणाले.

"तुमचा शब्द मोठा, सोवेतबेक. पण मान लेकीचा. बाप तिचा गेलाय."

जानिल व्हॅनमध्ये गुडघ्यांवर बसली होती. टेप हातात तशीच होती. तिनं काही ठरवलं नव्हतं, पण शब्द तोंडात आला नाही.

चाबूक पुन्हा उठला. गाड्या धुणारी माणसं हातातलं काम टाकून जमली होती. त्यांच्यादेखत हलकं मारणं आता माम्बेतालीला शोभणार नव्हतं. कुबानच्या पाठीवर आधी लाल पट्टे उमटले, मग कातडं फाटलं. रक्त कमरेच्या पट्ट्यापर्यंत ओघळलं. माम्बेताली दर फटक्याला व्हॅनकडे बघत होता. त्या नजरेत आधी विनवणी होती, मग राग आला.

"बोल ना गं!" अबांनी तिचा दंड धरला. "जीव घेईल तो पोराचा!"

"मुलगा त्यांचा आहे, अबा. थांबायचं असेल तर थांबतील."

पुढचा फटका कुबानच्या मानेवर बसला. तो गर्रकन वळला, चाबकाची वादी त्यानं मनगटावर गुंडाळून घेतली आणि हिसका दिला. बाप गाडीच्या बॉनेटवर तोंडावर आपटला.

"मी थांबत होतो!" कुबान ओरडला. "ब्रेक दाबला होता मी! तुला फोन केला. तू काय म्हणालास? थांबू नकोस, सरळ घरी ये, म्हणालास! म्हातारा हलत होता, बाबा! आरशात दिसत होता मला!"

"गप्प!"

"आता चाबूक मला? तूच मार खा ना!"

माम्बेतालीनं चाबकाच्या दांड्यानं त्याच्या तोंडावर मारलं. दात तुटल्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू गेला. कुबाननं बापाच्या पोटात लाथ घातली. बाप खाली बसला, पुन्हा उठला, आणि आता तो खरोखरच जीव घ्यायला मारत होता, कानावर, डोळ्यावर, मिळेल तिथं. माणसं बघत राहिली. बापलेकांच्या मध्ये कोण पडतो?

जानिल खाली उतरली आणि मध्ये शिरली. दांडा तिच्या गालफडावर बसला. डोळ्यांपुढं पांढरं झालं, पण तिनं दांडा धरला आणि सोडला नाही.

"पुरे," ती म्हणाली.

माम्बेताली धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? पुरे म्हणाली! सुरी आणा रे, मेंढा कापा!"

"मारणं पुरे म्हणाले. बाकीचं नाही."

"शब्द एकच असतो, पोरी."

"मग चुकून बोलले असेन." ती कुबानकडे वळली. "आत्ता बोललास ते अधिकाऱ्यापुढं बोलशील?"

कुबाननं तोंडातलं रक्त थुंकलं. "आत टाकतील मला."

"हो."

"आणि यांना?"

"तू बोललास तर त्यांनाही विचारतील."

त्यानं बापाकडे एकदा पाहिलं. मग सदरा उचलून तोंडावर दाबला आणि अबांच्या गाडीत मागच्या बाजूला जाऊन बसला. माम्बेतालीनं त्याला हाक मारली नाही.

"मी नाही चालवणार," अबा म्हणाले. "रोटी खाल्लीय मी या माणसाची."

"किल्ली द्या."

"आणि व्हॅन? इतकी चांगली व्हॅन कोण देणार तुला? पोरांच्या सायकली काय डोक्यावरून नेणारेस?"

"सायकली चालवायच्या असतात, अबा. चालवत जातील खिंडीपर्यंत."

अबांनी किल्ली दिली, पण तिच्या हातात नाही. आपल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि तोंड फिरवून तिथंच उभे राहिले.

गाडी शहरात शिरली. तिचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता.

"ते लगेच गेले का?" कुबाननं मागून विचारलं. तुटलेल्या दातांमुळे शब्द धड येत नव्हते.

"नाही. रस्त्यापासून लांब व्हा, असं मुलांना सांगत होते."

तपास अधिकाऱ्याच्या कचेरीच्या अलीकडच्या चौकात सिग्नल लाल होता. तिनं गाडी थांबवली. मागचं दार आतून केव्हाही उघडता यायचं, अबांच्या गाडीचं कुलूप कधी लागतच नसे. उजवीकडे बाजार होता, गर्दी होती. त्यात शिरलेला माणूस पुन्हा सापडला नसता. जानिलनं आरशात पाहिलं नाही. सिग्नल हिरवा झाला. तिनं क्लच सोडला तेव्हा गाडी मागे तेवढीच जड होती.