कोपऱ्यावरचा रिटेक

मंगळवारी दुपारी क्लिप चालली. न अडकता, आवाजासकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आपल्या फोटोच्या दुकानात भाग्येशने स्पेसबार दाबला, खुर्ची मागे सरकवली आणि क्लिप चाललीच नाही असं ठरवलं. मग सुरतेला, गावातल्या दोधू आबांच्या मुलाला, नवनीतला फोन लावून तसंच कळवलं. अजून अडकतेय, प्रयत्न चालू आहेत.

प्रयत्न खरोखरच झाले होते. कॅमेरा नवा, कम्प्युटर जुना. एवढ्या भारी दर्जाचं शूटिंग एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की चित्र थिजायचं आणि आवाज उचकी लागल्यासारखा तुटायचा. भाग्येशने कॅशे रिकामी केली. ड्रायव्हर नवे टाकले. मशीनचं झाकण काढून आतली धूळ फुंकली, आणि धूळ गेल्यावर जागा मोकळी दिसली म्हणून अगरबत्तीही फिरवली. प्रीव्ह्यूचा दर्जा तो उतरवत गेला, तेव्हा दोधू आबांचे आधी डोळे गेले, मग मिशा, शेवटी धोतराच्या रंगाचे काही चौकोन उरले. तेही नाचता नाचता अडकले. शेवटी त्याने कामापुरती क्लिपची एक हलकी प्रत बनवली. ती सुरळीत चालली, आणि त्यात भाग्येशला स्वतःचा आवाज ऐकू आला.

मागच्या श्रावणातली गोष्ट. रनाळ्यात दोधू आबांच्या घरी बसवलेली कानबाई देवी विसर्जनाला निघाली होती. आबांच्या बायकोच्या, कौसाबाईंच्या डोक्यावर पाट, पाटावर नटलेली कानबाई, पुढे बँड, मागे सगळी भाऊबंदकी. मिरवणूक कोपऱ्यावर वळली आणि नेमकी तेव्हाच अक्कलकुव्याच्या बाजाराला निघालेली जीप मध्ये घुसली. टपावरच्या बोकडाने थेट कॅमेऱ्यात पाहिलं. शॉट बोकडाचा झाला. भाग्येशने हाक मारून कौसाकाकींना सांगितलं, एक डाव मागे जाऊन पुन्हा वळा.

निघालेली कानबाई मागे फिरवत नाहीत. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भाग्येशलाही होतं, पण त्याच्या डोक्यात तेव्हा बोकड होता.

पोळ्याच्या आत आबा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. गावाने मान डोलावली. कानबाईचं नाव कोणी काढलं नाही, आणि कोणी काढत नाही हेच भाग्येशला सोसवेना. आबांच्या घरावरून जाताना तो गाडीचा वेग वाढवायचा. मग वाटायचं, वेग वाढवल्याचंही दिसत असेल, म्हणून कमी करायचा. त्या दारासमोर त्याची गाडी नेहमी आचके देत जायची.

आता वर्षश्राद्धाला नवनीत मांडवात पडदा लावणार होता. बापाचे फोटो त्याच्याकडे ढीगभर होते. आवाज तेवढा या एकाच क्लिपमध्ये होता, एका वाक्याचा. आणि वाक्य नेमकं त्या कोपऱ्यावरचं होतं. ते ठेवायचं तर त्याच्या आधीचं आणि नंतरचं कापून काय उपयोग. पडद्यावर ते एकटं आलं तरी मांडवातल्या प्रत्येकाला कळणार होतं की ते कोणाला आणि कशासाठी म्हटलं होतं.

बुधवारी कौसाबाई आल्या. त्या रोजच यायच्या. दुकानात बसायला पासपोर्ट फोटोचं स्टूल होतं, पाठीमागे पांढरा पडदा. त्यावर त्या हनुवटी सरळ धरून बसायच्या, जणू आता फोटो निघणार.

"व्हयना का रे भाऊ चालू?"

"नही ना काकी. अटकी ऱ्हायना."

त्याने काल काय काय करून पाहिलं ते सांगितलं. त्यातलं निम्मं परवाचं होतं. फ्रेमरेटला ताप आलाय, असंही तो म्हणाला. काकींनी गंभीरपणे विचारलं की उतरेल का. बघू, म्हणाला. मग पुराव्यासाठी मूळ, जड क्लिप लावून दाखवावी म्हणून त्याने बटण दाबलं.

सॉफ्टवेअर शहाणं होतं. त्याने आपणहून हलकी प्रत उचलली.

बँड वाजू लागला. कोपरा आला, जीप आली, बोकड आला. मग भाग्येशचा आवाज, उत्साहाने फुटलेला: "काकी, एक डाव मांगे जाईसन परत या ना!"

आणि कॅमेऱ्याजवळून आबांचा, हळू: "कानबाई मांगे फिरत नही, भो."

भाग्येशचा हात माउसवर होता. पडद्यावर काकी हसल्या. पाटाखालून डोळे वर करून, नवरीसारख्या. "फिरस ना. फोटू चांगला उना पायजे," म्हणाल्या आणि वळल्या. त्यांच्यामागे सगळी भाऊबंदकी वळली, बँड वळला, आणि आबा क्षणभर जागच्या जागी उभे राहून, सगळ्यांच्या शेवटी, निघाले.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काकी उठून टेबलाजवळ आल्या. इतके दिवस बघून बघून त्यांना ठाऊक झालेलं बटण त्यांनी एका बोटाने दाबलं. चित्र थांबलं.

"दख," त्या म्हणाल्या. "अटकी गया."

भाग्येशने पडद्याकडे पाहिलं. "हां," तो म्हणाला.

थांबलेल्या चित्रात आबांची पाठ होती.

"काकी, मी सांगं नसतं तर..."

"तू सांगं. पन ती मन्हा डोकावर व्हती. पाय मन्हा फिरनात."

भाग्येशने माउसवरचा हात काढून घेतला.

काकींनी पदराने कीबोर्ड पुसला, जिथे बोट लावलं होतं तिथेच. नवनीतला काय सांगायचं, असं त्याने विचारलं. चालत नाही म्हणून सांग, म्हणाल्या. तो दुसरीकडे नेईल, भाग्येश म्हणाला, सुरतेत भारी मशिनी असतात. काकींनी मान हलवली. हे त्यांच्याही ध्यानात आलेलं दिसत होतं.

"मंग ज्यास्नी हाई बनाडं, त्यास्लेच कळाव," सॉफ्टवेअरकडे बोट करून त्या म्हणाल्या. "त्यास्ना हातमा काही व्हई."

सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात 'अडचण कळवा' अशी एक चौकट होती. आजवर भाग्येशने ती उघडली नव्हती. काकी स्टुलावर परत बसल्या आणि सांगू लागल्या. त्या अहिराणीत सांगत होत्या, तो शाळेतल्या मराठीत करून टाइप करत होता, कारण अर्ज तसाच करतात. मध्येच त्या थांबल्या. मग दोघांनी मिळून शेवटचं वाक्य पुरं केलं आणि त्याने ते पाठवून दिलं:

'महोदय, मौजे रनाळे येथील कानबाईच्या मिरवणुकीची क्लिप कोपऱ्यावर मागे फिरते. तरी सदर मिरवणूक पहिल्याच वळणावरून पुढे जाऊ द्यावी, आणि श्री. दोधू यांचे त्या वेळचे म्हणणे त्याच वेळी ऐकून घेण्यात यावे, ही नम्र विनंती.'