दोन थेंब

"बादली दोन्ही पायांत घट्ट धर," ह्यांनी मला सांगितलं. जणू एकोणीस वर्षं त्या स्वयंपाकघरात मी बादल्या लवंडण्यातच घालवली होती. तरी धरली. बादलीत पाच किलो बटाटे, वर चार बोटं पाणी आणि ह्यांच्या हातात ड्रिल मशीन. मशीनच्या तोंडात फरशी घासायचा गोल ब्रश, अर्थात नवा कोरा. ह्यांनी बटण दाबलं आणि बटाटे असे गरगरले की पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत उडालं. लवंगी, म्हणजे माझ्या शेजारी बसून भाजी चिरणारी, बोलायला फार तिखट म्हणून हे नाव पडलेली, ती सरळ दाराशी जाऊन उभी राहिली. तीन मिनिटांत पाण्याचा चिखल झाला. ह्यांनी एक बटाटा उचलून मोठ्या बाईंच्या हातावर ठेवला. साल नावालाही नव्हतं.

मोठ्या बाई म्हणजे रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. त्यांनी बटाटा फिरवून फिरवून पाहिला आणि डोळे तेवढे राहिलेत म्हणाल्या.

"डोळे ही काढेल," हे म्हणाले. ही म्हणजे मी.

तेव्हा सगळ्या हसल्या, मीसुद्धा हसले. हसायला काय जातंय? माझं उजवं मनगट सहा महिने धड वळत नव्हतं आणि ते मी पदराखाली झाकून वावरत होते. रोज एकशे चाळीस रुग्णांचा मऊ बटाटा करायचा, म्हणजे आधी सोलायचा, मग शिजवायचा, मग लाकडी दांड्याने घोटायचा. मनगट गेलंय हे वर कळलं असतं तर माझं सगळंच गेलं असतं. कारण मोठ्या बाई दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या कमरेची कोठीची किल्ली माझ्याकडे येणार, हे ठरल्यातच जमा होतं. एकोणीस वर्षांत मला दुसरं काही नको होतं. ती किल्ली कमरेला लावून एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं होतं, बस्स.

म्हणून मी ह्यांना सांगितलं. हे कारखान्यात फिटर होते, एकतीस वर्षं. निवृत्त झाल्यापासून वर्षभर भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले. दाढी आठवड्यातून एकदा, तीही मी वस्तरा हातात दिला तर. कारखान्याने निरोपाला दिलेलं ड्रिल मशीन खोक्यातच पलंगाखाली पडलं होतं. मनगटाचं ऐकून हे पुन्हा भिंतीकडे वळले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दाढी केलेली, खोकं उघडलेलं आणि फरशीसाठी मी आणलेला नवा ब्रश गायब.

ब्रशनंतर सळई आली. तिच्या टोकाला ह्यांनी चार पाती जोडली, कानस मारून मारून गुळगुळीत केली. मोठ्या पातेल्यात सळई सोडायची, वरून मशीन उभं धरायचं की शिजलेला बटाटा बघता बघता लोण्यासारखा. दोन तासांचं काम वीस मिनिटांत. हे रोज सकाळी माझ्याबरोबर यायला लागले. मशीन जोडून, सुरू करून हे द्यायचे, मग पातेल्यावर धरायचे मी आणि सळई-पाती धुवायचेही मीच. बायका ह्यांना उस्ताद म्हणायला लागल्या. एकदा खुद्द साहेब, म्हणजे मॅनेजर, येऊन बघून गेले आणि ह्यांचा हात हातात घेऊन हलवला. त्या दिवशी हे रस्ताभर बोलत होते. घरात वर्षभर ज्या माणसाच्या तोंडातून हूं की चूं निघालं नव्हतं, तो माणूस. खरं सांगते, मनगटापेक्षा मला त्याचंच जास्त बरं वाटायचं.

एक खोड मात्र होती. मशीन सुरू करण्याआधी हे खिशातून चोचवाली छोटी तेलदाणी काढायचे आणि मशीनच्या गळ्यात दोन थेंब सोडायचे. कारखान्यात एकतीस वर्षं पाळी सुरू होण्याआधी हेच केलेलं. माणसाला उठल्यावर चहा लागतो तसे यंत्राला दोन थेंब लागतात, असं ह्यांचं म्हणणं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, अहो, हे स्वयंपाकघर आहे, इथे कसलं तेल घालताय, आणि नवं मशीन आहे, त्याला कशाला हवंय? तर म्हणाले, तू मिठाचं बघ.

मी मिठाचं बघितलं.

मग एके दिवशी पातेलं नेहमीपेक्षा मोठं होतं, मशीन बराच वेळ चाललं. खालून वाफ, वरून मशीन तापलेलं. दुपारी एकनंतर थाळ्या परत यायला लागल्या. आधी एका वॉर्डातून, मग दुसऱ्या. मी बोटावर घेऊन चाखलं. सायकलच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा वास थेट नाकात गेला. दोघांना उलट्या झाल्या, एका आजोबांना सलाईन लावावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. तेवढी कृपा झाली.

साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं. मोठ्या बाई, मी आणि हे. टेबलावर त्या बटाट्याची थाळी झाकून ठेवलेली. यात तेल कुठून आलं, असं त्यांनी विचारलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या पँटच्या खिशात तेलदाणी होती, खिशाबाहेर तिचा डाग उमटला होता. आता बोलतील, मला वाटलं. अजून थोडं थांबावं. माणसाला शब्द जुळवायला वेळ लागतो.

"मशीन चोख आहे साहेब," हे म्हणाले. "वापरणाऱ्याच्या हाताला जरा सवय लागते."

साहेबांनी मान माझ्याकडे वळवली. सळई, पाती नीट धुतली होती का, विचारलं.

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना माहीत होतं की मी चमचासुद्धा दोनदा धुते. पण माझ्या डोळ्यांसमोर ती खुर्ची होती आणि भिंत. आज मी बोलले तर उद्या हा माणूस पुन्हा तिथे जाऊन बसणार आणि या वेळी उठणार नाही. आणि खोटं कशाला बोलू, मनात एक दुसरंही होतं. मी माझ्यावर घेतलं की तरी ह्यांना राहवणार नाही, हे म्हणतील, थांबा, ती नाही, मी.

"राहिलं असेल," मी म्हटलं.

ह्यांनी खिशावरच्या डागावर हात ठेवला.

साहेब वाईट नव्हते. एवढी वर्षं झाली, वय झालं, मनगटाचंही कानावर आलंय, आता आराम करा म्हणाले. वर मशीन बंद करता येणार नाही, सवय झालीय, तेव्हा ते जाणकार माणसाच्याच हातात हवं. उस्ताद सकाळी येत राहिले तर बरं. हे हो म्हणाले.

किल्ली लवंगीला मिळाली. बिचारी घरी येऊन रडली, मावशी मावशी करत गळ्यात पडली, आणि डोळे पुसून जाताना विचारून गेली की साखरेच्या पिंपाचं झाकण अडकतं ते नेमकं कुठून दाबायचं. मी सांगितलं. डाव्या बाजूने, अंगठ्याने.

आता सकाळी मी ह्यांचा डबा करते. दोघांपुरते चार बटाटे, सुरीने सोलते, डोळे काढते. मनगटाला तेवढं झेपतं. त्या दिवसाबद्दल हे एक अक्षर बोललेले नाहीत, मीही विचारलं नाही. घरात सगळं ठीक आहे. दाढी रोज असते. फक्त मी वाढायला वाकले की हे ताटाकडे बघतात.

परवा डबा ठेवायला ह्यांची पिशवी उघडली तर आत सळई होती, काहीतरी दुरुस्तीला घरी आणलेली. पात्यांच्या वर, वीतभर अंतरावर, एक इवलीशी वाटी बसवलेली दिसली. पितळेची, चारी बाजूंनी घासून बेतशीर केलेली, सळईला डाख देऊन पक्की जोडलेली. वरून ओघळून येणारं काहीही पातेल्यात पडू नये, वाटीतच साठावं, अशी. काम सुबक होतं, ह्यांचं काम सुबकच असतं. वाटीच्या तळाशी काळपट तेल साठलेलं होतं. दोन थेंब असतील.

मी सळई मोरीत नेली. साबण लावला, वाटी आतून बोटाने घासली, गरम पाण्याने दोनदा धुतली, फडक्याने कोरडी केली आणि पुन्हा पिशवीत उभी ठेवली. शेजारी डबा.

हे दाराशी बसून बूट घालत होते. पिशवी मी त्यांच्याजवळ नेऊन ठेवली.

"वाटी धुऊन ठेवलीय," मी म्हटलं.

ह्यांच्या हातात बुटाची नाडी होती, ती तशीच राहिली. मग हे उठले, पिशवी उचलली आणि गेले. मी खिडकीतून पाहिलं. एका बुटाची नाडी सुटलेली, रस्त्यावर घासत चालली होती, आणि हे काही खाली वाकले नाहीत.