वाटणीतली कार्बाइन

मार्लाने कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची हलकी बंदूक, घेतली तेव्हा टेसा पोटात होती. पाचवा महिना. नवरा डॅरिल तेलविहिरीवर कामाला. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. आणि घर म्हणजे काय, तर खडीच्या रस्त्याच्या टोकाला उभा केलेला ट्रेलर, मागे कोंबड्यांचं खुराडं आणि आईने न पाजलेली चार-पाच कोकरं. ती मार्ला दर वसंतात मेंढीवाल्यांकडून आणायची आणि बाटलीने वाढवायची. कोयोटींना, तिथल्या रानकोल्ह्यांना, तो पत्ता तोंडपाठ झाला होता. शेरीफची गाडी यायची म्हटलं तरी पाऊण तास लागे, आणि कोयोटींसाठी शेरीफ येत नाही.

डॅरिलची शिकारीची रायफल तिने दोनदा उडवून पाहिली होती. दोन्ही वेळा खांदा आठवडाभर काळानिळा. मार्ला लहान चणीची. तेराव्या वर्षी घेतलेल्या कोटात अजून मावायची. शेवटी, शाळेत असताना घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेलं खोगीर तिने विकलं आणि त्या पैशात वापरलेली कार्बाइन घ्यायचं ठरवलं.

विकणारी होती ओपल, पलीकडच्या दरीत एकटी राहणारी, शहात्तर वर्षांची. पशुखाद्याच्या दुकानासमोर दोघी भेटल्या. ओपलने पिकअपचं मागचं फळकूट पाडून त्यावर आंघोळीचा टॉवेल उलगडला.

"पिस्तुलाच्याच गोळ्या लागतात हिला. स्वस्त पडतं. आणि धक्का म्हणशील, तर बाळ ढेकर देतं ना, तेवढाच," ती मार्लाच्या पोटाकडे बघत म्हणाली.

मार्लाने गोळ्यांचं मॅगझिन काढलं, खटका मागे ओढून आत गोळी नाही ना ते पाहिलं, मोबाइलच्या उजेडात नळीत डोकावली. नळी स्वच्छ होती. दस्त्यावर मात्र बोटभर लांब चरा.

"हा कशाने?"

"कुंपण ओलांडताना पडले. तिला चरा, मला मोडकी कंबर. आता बोटंही वळत नाहीत, म्हणून काढतेय. नाहीतर सोडली नसती."

सौदा झाला. ओपलने पर्समधून वही काढली. "लिहून देऊ का गं? क्रमांक, तारीख, सही?"

"छे, तुमच्याकडून कसला कागद घ्यायचा."

त्या भागात ही रीतच होती. ओळखीच्या माणसाकडून बंदूक घेताना कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. ओपलच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तिने वही परत टाकली, आपल्या वाकड्या बोटांत मार्लाचा हात घट्ट धरला, आणि व्यवहार संपला.

मार्लाच्या बापाने, लायलने, कार्बाइन पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तो खदखदून हसला. "पिस्तुलाला काठी बांधलीय कुणीतरी. सशांना घाबरवायला बरी आहे." पण पुढच्याच रविवारी त्याने कुंपणाच्या खांबांवर डबे मांडले, लेकीला शेजारी उभं केलं, आणि तिने ऐंशी पावलांवरून सहापैकी सहा डबे पाडले तेव्हा नुसती टोपी मागे सारली. बापाकडून याहून जास्त कौतुक कुणाला मिळालं नव्हतं. गॅरेटलाही नाही, आणि तो तर मोठा मुलगा.

त्या उन्हाळ्यात टेसा जन्मली, आणि कार्बाइन पुरती मार्लाची झाली. कुठलं स्प्रिंग करकरतं, तेल किती लागतं, पहिली गोळी किंचित डावीकडे कशी जाते, सगळं तिला कळलं. टेसाला झोपवून ती मागच्या दारात उभी राहायची. त्या वर्षी एकही कोकरू गेलं नाही.

मग टेसा रांगायला लागली. ट्रेलरमध्ये तिजोरी नव्हती, आणि रांगतं मूल कुठे हात घालेल याचा नेम नाही. मार्लाने एका सकाळी कार्बाइन चादरीत गुंडाळली आणि वडिलांच्या घरी नेऊन त्यांच्या बंदुकांच्या मोठ्या तिजोरीत ठेवली. लागली की मैलभर जाऊन आणायची, काम झालं की परत ठेवायची. सोयीचं नव्हतं, पण तिला त्या रात्री शांत झोप लागली.

लायल फेब्रुवारीत गेला. ओपल त्याच्याआधीच, नाताळात गेली होती.

वाटणी ईस्टरनंतरच्या रविवारी झाली. त्या घराण्याची पद्धत जुनी: बायका स्वयंपाकघरात बसून भांडी आणि गोधड्या वाटून घेणार, पुरुष गॅरेजमध्ये, टेबलावर घोंगडी अंथरून तिच्यावर बंदुका मांडणार. मुलगे आणि जावई गड्डीतून पत्ता ओढणार, मोठ्या पत्त्याची निवड पहिली, मग आळीपाळीने. मुलींचा पत्ता नसतो. लायलचा भाऊ, व्हर्नकाका, पत्ते पिसायला बसला होता. ओढणारे दोघंच, गॅरेट आणि डॅरिल.

टेसाला कडेवर घेऊन मार्ला गॅरेजच्या दारात आली. घोंगडीवर सातवी बंदूक तिची होती.

"काका, ती बाजूला काढा. ती माझी आहे."

व्हर्नकाकाने चष्म्यातून पाहिलं. "लायलच्या तिजोरीत होती, पोरी."

"मीच ठेवली होती. टेसा रांगायला लागली म्हणून."

"मग कागद असेल," गॅरेट म्हणाला. आवाजात खोच नव्हती, तेच जास्त लागलं.

"ओपलकडून घेतली. तिच्याकडून कोण कागद घेतं? तू घेतला असतास?"

"नसता घेतला. पण हे बघ." त्याने घडी घातलेला कागद उलगडला. घराच्या विम्यासाठी लायलने केलेली यादी, त्याच्याच तिरक्या अक्षरात. विमेवाल्याने तिजोरीत जे जे आहे ते लिहा म्हटलं असणार, आणि लायलने जे जे होतं ते लिहिलं. सातव्या ओळीत कार्बाइन होती, क्रमांकासकट. वरती लिहिलं होतं: माझ्या बंदुका.

"बाबांनी विम्यासाठी लिहिलंय ते. गॅरेट, तुला माहितीय माझी आहे ते."

"मी तेव्हा नेब्रास्कात होतो. मला यादी माहितीय. आज एक ओळ खोडली की उद्या आणखी कुणीतरी येऊन दुसरी खोडेल. काकांनाच विचार."

मार्लाने आईकडे पाहिलं. आयरीन हात पुसत दारात आली होती. तिला सगळं ठाऊक होतं. कार्बाइन ठेवायला मार्ला आली, त्या दिवशी तिजोरी उघडून देणारी तीच.

"आई, सांग ना."

आयरीनने गॅरेटकडे पाहिलं. आता तो त्याच घरात राहायला येणार होता, बायको ब्रेंडा हिच्यासकट. "आज वाद नको गं," ती हळूच म्हणाली. "डॅरिल आहे ना पत्ता ओढायला. तो घेईल तुझ्यासाठी. होईल ना सगळं सरळ."

मार्लाने नवऱ्याकडे पाहिलं. डॅरिलने डोळा मारला, म्हणजे काळजी करू नको.

पत्ते ओढले. गॅरेटला पंजा, डॅरिलला राणी.

"राणी कुणाची ते दिसलंच," व्हर्नकाका हसला. "निवडा जावईबापू."

डॅरिल टेबलाच्या कडेने चालत गेला. कार्बाइनपाशी त्याची पावलं सावकाश झाली. मार्लाने टेसाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तो दोन पावलं पुढे गेला आणि त्याने लायलची एल्कसारखं मोठं हरीण मारायची रायफल उचलली. अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो ती नुसती पुसून द्यायला मागायचा.

"ही," तो म्हणाला. मार्लाजवळ येऊन कुजबुजला, "ती कोण घेतंय? दुसऱ्या फेरीत आपलीच आहे."

गॅरेटने विचार करायलाही वेळ लावला नाही. "कार्बाइन. ब्रेंडा कधीची म्हणतेय, पिकअपमध्ये ठेवायला हलकीशी काहीतरी हवी."

ब्रेंडाने आयुष्यात बंदूक उडवली नव्हती. मोठा आवाज झाला की ती कानांवर हात ठेवायची.

"अरे, ती राहू दे ना," डॅरिल म्हणाला. "मार्लाची आहे ती. दुसरी घे."

"आता मार्लाची झाली? मघाशी निवड तुझ्या हातात होती की." गॅरेटने कार्बाइन उचलून पुढे धरली. "बरं, चल. बदलू. ती ठेव खाली, ही घे. मला काय, मी बाबांची रायफल घेतो."

व्हर्नकाका पत्ते सारखे करत राहिला. मार्लाने डॅरिलच्या हाताकडे पाहिलं. अंगठा अक्रोडाच्या लाकडावरून एकदा पुढे गेला, एकदा मागे आला, आणि तिथेच राहिला.

"मार्ला," तो म्हणाला, "तुला मी दुसरी शोधून देतो. हिच्यापेक्षा चांगली."

"जेवायला चला," आयरीन म्हणाली. "बटाटे गार होतायत."

मंगळवारी डॅरिल कामावर गेला. जाण्याआधी त्याने भिंतीत उंचावर दोन खिळे ठोकले, टेसाचा हात पोचणार नाही असे, आणि रायफल टांगली. शुक्रवारी पहाटे कोकरं ओरडली. मार्लाने खुर्चीवर चढून ती उतरवली, मागचं दार उघडलं, कोयोटी कुंपणाशी दिसली आणि तिने घोडा दाबला. गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक. धक्क्याने तिची पाठ धाडकन दाराच्या चौकटीवर आदळली. आतून टेसा किंचाळली. कोयोटी कोकरू तोंडात धरून टेकाडामागे गेली, पळतसुद्धा नव्हती.

त्या दिवशी टेसाला उजव्या बाजूला घेता येईना. खांदा पुन्हा काळानिळा पडून ठणकत होता, आणि बाळाला उजवीच बाजू हवी होती. मार्ला भिंतीला टेकून, दात आवळून तिला पाजत बसली. फोन वाजला.

"कसं चाललंय? कोकरं बरी?" डॅरिलने विचारलं.

"तीन राहिलीत."

"अगं, फाटक लावत जा ना नीट. आणि ऐक. बाबांची रायफल कोयोटीमागे काढू नकोस हं. दस्त्याला ओरखडे पडले तर जीव जाईल माझा."

टेसाने दूध सोडून आईकडे पाहिलं. तोंडाच्या कोपऱ्यात थेंब होता. मार्लाने तो बोटाने टिपला.

"नाही काढत," ती म्हणाली, आणि फोन ठेवून उरलेली तीन कोकरं न्हाणीघरात आणायला उठली.