टॅन्सीबाईंची बंदी

पॅकीला मातीआड करून मंडळी शहरात परतली, तेव्हा दुपारचं जेवण टळत आलं होतं. डब्लिनच्या मोठ्या रस्त्यावर खरेदीची झुंबड होती आणि ट्राम घंटा वाजवत गर्दीतून वाट काढत होती. औषधांचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या बोळात काळ्या कोटांतली माणसं एकेक करून शिरली. नवख्याला तो बोळ दिसतच नाही, आणि दिसला तर कचऱ्याचे डबे पाहून तो माघारी फिरतो. पण डब्यांच्या पुढे, हिरव्या दाराचा टॅन्सीचा पब आहे. पॅकीच्या आयुष्यातल्या बहुतेक संध्याकाळी तिथंच मावळल्या होत्या.

कोलमन बोळाच्या तोंडाशीच थांबला.

"तू हो पुढं, नोरीन."

नोरीन त्याची बायको आणि पॅकीची सख्खी बहीण. तिनं टोपी नीट केली. "भाऊ माझा गेलाय, आणि मी एकटीनं आत जाऊ? आजच्या दिवशी तरी हट्ट सोड."

"हट्ट माझा नाही. मला बंदी आहे. जन्मभर."

"बावीस वर्षं झाली त्याला."

"माझा जन्म संपलाय का?"

"आज ना उद्या मीच संपवते," असं म्हणून नोरीन आत गेली.

गोष्ट एवढीच होती की, टॅन्सीच्या बारमध्ये गाणं म्हणायला मनाई. मालकीण टॅन्सीबाईंनी दारूचा थेंब जन्मात ओठाला लावला नव्हता. तशी शपथ घेणाऱ्यांची छोटी पिन त्यांच्या छातीवर कायम असे. गाण्याशी त्यांचं वैर नव्हतं. पण गाणं लागलं की बाप्ये घरी जायचं विसरतात, असं त्यांचं म्हणणं. कोलमननं धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, दोनदा ताकीद मिळूनही, तिसऱ्यांदा गळा मोकळा सोडला. बाईंनी काउंटरवरचं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "या बारमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही. जन्मभर." कोलमननं ग्लास अर्धा ठेवला, टोपी घातली आणि गेला. तो नंतर फिरकला नाही. पॅकी मात्र जात राहिला. मेहुणे मेहुणे रविवारी जेवायला भेटत, पण पबमधली शुक्रवारची जोडी तुटली ती तुटलीच.

आणि आता पॅकीनं त्याला पेचात टाकलं होतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला होता, "माझ्या आईचं गाणं म्हण. थडग्यापाशी नको, तिथं वारा असतो आणि पाद्री घाईत असतो. टॅन्सीकडं म्हण, माझ्या स्टुलाजवळ."

"अरे, मला तिथं..."

"हो म्हण."

कोलमन हो म्हणाला. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

बोळात गार वारा सुटला होता. हिरवं दार उघडून टॅन्सीबाईंची लेक डर्वला बाहेर आली. तिच्या हातात सूपचा कप आणि हॅमच्या सँडविचची बशी होती.

"नोरीननं पाठवलंय. म्हणाली, कुत्र्याला घाल."

"आई कुठं आहे तुझी?"

"स्नगमध्ये. जपमाळ घेऊन बसलीय."

"तिला विचार ना. फक्त आजच्यापुरतं."

"मी? छे! मला तिच्याबरोबर एका छपराखाली राहायचंय. तुम्हीच विचारा. स्नगचं दार इकडंच उघडतं, ते बघा. ठोठावा."

स्नग म्हणजे पबाच्या कुशीतली चिमुकली खोली. पूर्वी बायका तिथं बसत, कधी एखादा पाद्रीही बसे. बारच्या भिंतीत एक झडप, तिच्यातून ग्लास आत यायचा आणि कुणाला कुणाचं तोंड दिसायचं नाही.

कोलमननं बशी खिडकीत ठेवली, टोपी काढली आणि दार ठोठावलं.

"उघडंच आहे."

दार ढकलून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत दोन बाकं, एक टेबल आणि भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. तसबिरीखाली टॅन्सीबाई बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, पण ताठ.

"दार लाव. वारा येतोय."

"मी आत येत नाही, बाई. मला बंदी आहे."

"कुठं?"

"इथं."

"मी काय म्हणाले होते, ते सांग बघू."

शाळेतल्यासारखं कोलमननं म्हणून दाखवलं, "या बारमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही. जन्मभर."

"मग? हा काय बार आहे?"

कोलमननं बाकांकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं. काउंटर तर कुठंच नव्हतं.

"म्हणजे मला इथं येता आलं असतं?"

"केव्हाही."

"बावीस वर्षं?"

"तू विचारलं नाहीस. मी कशाला सांगू? मी बंदी घातली होती, आमंत्रण नव्हतं दिलं."

कोलमन आत आला आणि बाकावर बसला. झडपेच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, पॅकीचं स्टूल होतं. भिंतीला पाठ लावून तो तिथंच बसायचा.

"पॅकीला माहीत होतं?"

"त्या गाढवानंही विचारलं नाही. दोघंही माझ्या शब्दाला मान देत बसलात. एवढा मान माझ्या नवऱ्यानं कधी दिला नाही."

कोलमनला हसूही येईना, रागही येईना. दार लावायचं राहिलं होतं, ते उठून त्यानं लावलं. मग म्हणाला, "मी पॅकीला गाण्याचा शब्द दिलाय."

"बारमध्ये गाणं चालत नाही."

"हा बार नाही."

टॅन्सीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "उशिरा का होईना, शिकलास," त्या म्हणाल्या आणि झडपेवर टिचक्या मारल्या.

डर्वलानं झडप वर सरकवली. पलीकडची कुजबुज थांबली. पॅकीचं स्टूल रिकामं होतं, त्याच्यासमोर कुणी भरलेला ग्लास ठेवला होता. कोलमननं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पश्चिमेच्या किनाऱ्यावरचं, सासूच्या गावचं गाणं. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. त्याचा उजवा हात आपसूक बाजूला गेला. त्यांच्या गावची रीतच ती: गाणाऱ्याचा हात जवळच्यानं धरायचा आणि तालावर हळूहळू फिरवायचा. आजवर तो हात पॅकीच धरत आला होता. आज तो हवेतच राहिला.

टॅन्सीबाईंनी जपमाळ मनगटात अडकवली आणि तो हात धरला. त्यांचा हात हलका, वाळलेल्या पानासारखा. तो फिरू लागला तसा आवाज जागेवर आला आणि शेवटच्या कडव्यापर्यंत गेला.

पलीकडून एक जण म्हणाला, "शाब्बास, कोलमन! अरे, ये ना इकडं, आमच्यात!"

कोलमन अर्धवट उठला.

"जन्मभर," टॅन्सीबाई म्हणाल्या.

तो खाली बसला. झडपेतून काळ्या बिअरचा ग्लास आला. मागोमाग नोरीन येऊन भावाच्या स्टुलावर बसली आणि झडपेतून डोकावली. तिचे डोळे लाल होते.

"झडपेआडून सगळं ऐकलं मी. माझा भाऊ गाढव आणि तूही गाढव."

"हो," कोलमन म्हणाला.

टॅन्सीबाईंनी मनगटातली माळ सोडवली आणि अडलेला मणी चाचपून शोधला.

"शुक्रवारी तीन वाजता माझा जप असतो," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "तो आटोपल्याशिवाय येऊ नकोस. आणि आलास की दार लावून घेत जा."