हिरोच्या मागचा माणूस

तिच्या सलूनमध्ये बायका केस कापायला यायच्या, हे अर्धंच खरं. तेवढ्याच तिची मतं ऐकायला यायच्या. नवा सिनेमा असो की मोबाइलवरची मालिका, कंगवा फिरवता फिरवता ती त्याची अशी सालटी काढायची की ड्रायरखाली बसलेली बाई मशीन बंद करायला लावायची. “तो हिरो रडत नाही गं, त्याची शिंक अडकलीय.” “ही घर फोडायला निघालीय, मग नटलीय कशाला एवढी?” तोंडदेखलं बोलणं तिला जमायचंच नाही. म्हणून सगळ्या तिला कात्री म्हणायच्या, आणि तिलाही ते आवडायचं.

घरी मात्र या कात्रीची मात्रा चालायची नाही. आई वर्षानुवर्षं एकच मालिका बघायची. वकिलांची. नवे भाग कधीच संपले होते. रोज दुपारी जुनेच पुन्हा दाखवत.

“आई, त्या जज्जालासुद्धा झोप येते त्यात. काय बघतेस एवढं?”

“तू तुझं बघ,” आई म्हणायची. खटला कसला चाललाय विचारलं, तर तिला सांगता यायचं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी कात्री जेवणाचं ताट घेऊन आईच्या शेजारी बसली. पडद्यावर वकीलसाहेब हात उडवत बोलत होते. त्यांच्या मागे, कोर्टाच्या दाराशी, खाकी कपड्यातला एक शिपाई उभा होता. एका पायावर. दुसऱ्या पायाचं पाऊल तो पोटरीवर घासत होता.

घास तिच्या हातातच राहिला. असं उभं राहण्यावरून वडिलांची बोलणी खाणारा एकच माणूस तिला माहीत होता. दादा. नट व्हायचं म्हणून वडिलांशी कडाक्याचं भांडून तो घराबाहेर पडला, तेव्हा ती शाळेत होती. ‘या घरात त्याचं नाव निघता कामा नये,’ असं वडील म्हणाले आणि निघालं नाही. वडील गेले तेव्हाही दादाला कळवायचं कुठे, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आईने विषय काढला नाही.

तिने हळूच आईकडे पाहिलं. आई शांतपणे जेवत होती. तिला सांगायचं नाही, असं कात्रीने ठरवलं. उगीच म्हातारीच्या जिवाला घोर कशाला?

त्यानंतर तिला सिनेमा बघणं नकोसं झालं, आणि सुटतही नव्हतं. हिरोईन काय बोलतेय याकडे लक्षच जाईना. नजर सरळ मागे जायची. हॉटेलातला वेटर दादा होता. स्टेशनवर बॅग घेऊन पळणारा दादा होता. एका सिनेमात तर तो टेबलावर, गळ्यापर्यंत ओढलेल्या पांढऱ्या चादरीखाली पडला होता, आणि पुढे उभे असलेले डॉक्टर मृत्यूची वेळ सांगत होते. ते तिने लगेच बंद केलं.

पुढे पुढे तर सलूनच्या आरशातही तेच होऊ लागलं. खुर्चीतल्या बाईच्या चेहऱ्यामागे, बाकापाशी कुणीतरी उभं राहून पाय घासतंय, असा भास व्हायचा. वळून बघावं तर बाक रिकामं.

“कालचा सिनेमा कसा वाटला?” बँकेतल्या बाईंनी विचारलं.

“मागची माणसं बरी होती,” ती म्हणाली. बाई आरशातून तिच्याकडे बघतच राहिल्या. “बरं नाही का गं तुला?”

शेवटी तिने त्या मालिकेच्या ऑफिसात फोन लावला. तिथून गर्दीतली माणसं पुरवणाऱ्याचा नंबर मिळाला. तिने वर्णन सांगताच तो म्हणाला, “बगळा? आम्ही त्याला बगळाच म्हणायचो. तुम्ही कोण त्याच्या?”

“बहीण.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“ताई, तो गेला. दोन वर्षं होऊन गेली. कावीळ झाली होती. घरचं कुणी नाही म्हणाला, मग आम्हीच सगळं केलं.” मग जणू चांगलंही काही सांगावं म्हणून तो पुढे बोलला, “माणूस सोन्यासारखा. पण एक खोड होती. शॉट चालू असताना मध्येच कॅमेऱ्यात बघायचा. किती ओरडा खाल्ला! म्हणून मग त्याला मुडद्याची कामं देऊ लागलो. डोळे मिटलेले असले की प्रश्न नाही.”

तिने सलूनचं शटर ओढलं आणि भर दुपारी घरी गेली. आई टीव्हीसमोर होती.

“आई, जरा बोलायचंय.”

“थांब,” आई म्हणाली. “आता येईल तो. दाराशी.”

“तुला माहीत होतं?”

“तुझे बाबा होते तेव्हापासून. त्यांनाही माहीत होतं. ही मालिका लागली की पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं ना.”

पडद्यावर शिपाई आला. क्षणभर त्याने सरळ समोर पाहिलं आणि नजर वळवली.

कात्रीने मग सगळं सांगितलं. कावीळ, दोन वर्षं, परक्यांनी केलेलं शेवटचं सगळं, सिनेमातली ती पांढरी चादरसुद्धा. वकिलांचं भाषण संपलं, जाहिराती आल्या, तरी आई तशीच बसून होती.

“आणि तो कॅमेऱ्यात बघायचा म्हणून ओरडायचे त्याला,” कात्री म्हणाली.

“मुडदे मेले! कॅमेऱ्यात कशाला बघेल?” आई फटकन म्हणाली. “आपल्याकडे बघायचा तो.” आणि मग तिला रडू फुटलं.

पुढच्या आठवड्यात आईनेच विषय काढला. “चादरीखालचं ते मला दाखव.”

“नको गं आई.”

“त्याला पोचवायला आपण नव्हतो. एवढं तरी बघू दे.”

दुपारचं ऊन खिडकीतून टीव्हीवर येत होतं, म्हणून कात्रीने पडदे ओढले. डॉक्टर बोलले, हिरो भिंतीवर मूठ आपटून रडला. दादा पडून होता. गालफडं बसलेली, केस विरळ, ओठ किंचित उघडे. आई पुढे वाकून बघत राहिली.

“कसं केलंय त्याने?” तिने विचारलं. “बायकांना सांगतेस तसं खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको.”

कात्रीने ते दृश्य मागे घेतलं आणि पुन्हा पाहिलं, या वेळी नेहमी बघायची तशी, बारकाईने.

“हिरो खोटा आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर पाठ केलेलं म्हणतोय. दादाचं काम चांगलंय, आई. खरंच चांगलंय.”

आईने मान हलवली. मग उठली, टीव्हीजवळ गेली आणि हिरो अजून रडत असतानाच पडद्यावरच्या दादाच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा.

“काच गार आहे,” ती म्हणाली.